डांसाच्या देहांतील लढाई

नागपूरचें नांव निघालें म्हणजे संत्रीं, सीताबर्डीचा किल्ला आणि वैशाखांतलें ऊन यांची आठवण होते. परंतु या शहराची आणि शेजारच्या वर्धा, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांची आणखी एक जुनी ओळख आहे. ती कोणी अभिमानानें सांगत नाहीं. ती म्हणजे हत्तीरोग.

या रोगाचा कृमि सुताप्रमाणें बारीक असतो. त्याचीं सूक्ष्म पिलें १८७२ सालीं कलकत्त्यास टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तांत आढळलीं. १८७७ सालीं चीनमधील अमॉय बंदरांत पॅट्रिक मॅन्सन यांनीं तीं डांसाच्या अंगांत वाढतात हें दाखविलें. मात्र डांस पाण्यांत मरतो आणि तें पाणी प्याल्यानें रोग जडतो, अशी त्यांची समजूत होती. कृमि डांसाच्या सोंडेवाटे येतो, हें १९०० सालीं उमगलें.

मधल्या काळांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. १८९८ सालीं रोनाल्ड रॉस कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिंवतापाचा अभ्यास करीत असतां, डांसांच्या शरीरांत त्यांना कांहीं काळे कण दिसले. रोगजंतूचेंच तें एखादें रूप असावें, असें त्यांना वाटलें. पुढें निराळेंच कळलें. डांसानेंच त्या जंतूंना काळ्या कवचांत कोंडून मारलें होतें!

डांसाच्या अंगीं आपल्यासारखीं प्रतिपिंडें नाहींत. परंतु त्याच्या देहरसांतील पेशी परका जीव ओळखतात. मग फिनॉलऑक्सिडेज नांवाचें सुप्त विकर जागें होतें, टायरोसीनपासून मेलॅनिन हें काळें द्रव्य तयार होतें आणि त्याचा लेप शत्रूभोंवतीं बसतो. चिरून ठेवलेलें वांगें काळें पडतें, त्या क्रियेशीं हिचें जवळचें नातें आहे. १९८६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं पिढ्यानुपिढ्या निवड करून आफ्रिकेंतील ॲनॉफेलीस डांसाचा असा एक वंश सिद्ध केला, कीं तो हिंवतापाच्या जंतूला असाच कोंडून टाकी.

मग नागपूरच्या गटारांतला क्यूलेक्स हत्तीरोगाच्या कृमीला असें कां मारीत नाहीं? कारण कृमि धूर्त आहे. रक्ताबरोबर पोटांत शिरल्यावर कांहीं तासांतच तो आंतडें भेदून पंखांच्या स्नायूंत जातो, आणि तेथील पेशींच्या आंत दडून दहा ते चौदा दिवसांत पक्व होतो. पहारेकरी देहरसांत फिरत असतात आणि चोर भिंतीच्या आंत बसलेला असतो.

गटारांतली अळीही निःशस्त्र नाहीं. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गाचें औषध वारंवार फवारलें, तर क्यूलेक्सच्या कांहीं वंशांत इस्टरेज नांवाचीं विकरें इतकीं वाढतात, कीं विष त्यांतच अडकून पडतें. म्हणून माणसानें जिवाणूंचें साहाय्य घेतलें. १९७६ सालीं इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटांत सांपडलेल्या एका जिवाणूचे स्फटिक अळी गिळते. तिच्या क्षारयुक्त आंतड्यांत ते विरघळतात, त्यांतून विष मोकळें होतें आणि आंतड्याच्या भिंतीला छिद्रें पडतात. यांत एकाहून अधिक विषें असल्यानें अळीला त्यांवर मात करणें जड जातें. बॅसिलस स्फेरिकस या दुसऱ्या जिवाणूला मात्र दाद न देणाऱ्या अळ्या कोची येथें आढळल्याची नोंद १९९५ सालीं प्रसिद्ध झाली.

आतां आपल्या घराकडे वळूं. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेंत हा रोग रक्तावरून ओळखण्याच्या चांचण्यांवर दीर्घकाळ संशोधन झालें. २०१९ सालीं नागपूर जिल्ह्यांत डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन हीं तीन औषधें एकत्र देण्यास प्रारंभ झाला. देशांत ही पद्धति प्रथम स्वीकारणाऱ्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर होतें. यांतील डीईसीचा परीक्षानळींत कृमीवर फारसा परिणाम होत नाहीं. रक्तांत मात्र, आपल्याच रक्षक पेशींच्या साहाय्यानें, तें आपलें काम करतें.

अनेकांच्या रक्तांत हे कृमि असूनही बाहेरून कांहींच दिसत नाहीं. “मला काय झालें आहे?” असें म्हणून असा मनुष्य गोळी परत करतो, आणि रात्रीं डांस त्याच्याकडूनच शेजारच्या मुलासाठीं शिदोरी घेऊन जातो. एकदां बळावलेला हत्तीपाय पूर्ववत् होणें कठीण. क्यूलेक्सला कृमि ओळखतां येत नाहीं. आपणांस तो आतां ओळखतां येतो. म्हणून गोळी घेणें आणि अंगणांतलें गटार वाहतें ठेवणें, हा आपल्या वांट्याचा पहारा आहे.