पळणाऱ्यांचे नियम

माणसाने कुठल्या दिशेला आणि किती पळावं याचेही नियम असतात, हे मला आमच्या शिळफाट्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर कळलं. भाचा आणि त्याचा मित्र सुट्टीत तिथे लढाई मांडून बसले होते. पुठ्ठ्याचे डोंगर, प्लॅस्टिकचे शिपाई, फूटपट्टी आणि फासे. भांडण चाललं होतं ते लढण्यावरून नव्हे, पळण्यावरून. मोडलेल्या तुकडीने शत्रूकडे पाठ करून सरळ पळायचं, की आपल्या बाजूच्या काठाकडे? आणि मध्ये आपलीच माणसं उभी असली तर? नियमपुस्तिका इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. पोटनियम वाचायची सवय घरात एकालाच. तेव्हा "मामा, तुम्ही सांगा" असं झालं.

अशा बऱ्याच खेळांत साधारण असं असतं : हिंमत खचली की तुकडी शत्रूपासून दूर, शक्यतो आपल्या काठाकडे पळते. किती पळायचं ते फासा सांगतो. वाटेत आपली माणसं आली तर त्यांचंही अवसान गळू शकतं. (आमच्या शाखेत पाच वाजता एकाने छत्री उचलली की हाच नियम लागू होतो.) आणि पळायला वाटच नसली, तर पुष्कळ ठिकाणी ती तुकडी सरळ पटावरून उचलतात. पोरांचं समाधान झालं. माझं झालं नाही. उचलतात म्हणजे काय? माणसं जातात कुठे?

हे प्रकरण तसं जुनं आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांना लढाई शिकवायचा खेळ तयार केला. त्यात निवाड्याला एक पंच असे. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर पुस्तक लिहिलं आणि मुखपृष्ठावरच वयाची अट घातली, बारा ते दीडशे वर्षं. माझी अजून शंभर शिल्लक आहेत. पण वेल्स यांचे शिपाई फार शूर. ते मरतात, कैद होतात, पण घाबरून पळत नाहीत. आपल्या बुद्धिबळातही प्याद्याला मागे फिरता येत नाही. ज्याने हा नियम केला तो स्वतः प्यादं नसणार.

भाच्याला म्हटलं, पळायला वाट नसलेली फौज बघायची तर लांब जायला नको. शिळफाट्यावरून पालीच्या रस्त्याला लागायचं, पुढे चावणीकडे वळायचं. तिथे उंबरखिंड आहे.

शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. त्याने कोकणात उतरायला कारतलबखानाला धाडलं, सोबत माहूरच्या उदाराम घराण्यातली रायबागन. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याची वाट धरून फौज खाली आली. दोन्ही बाजूंना डोंगर, दाट रान, मधून माणसामागे माणूस जाईल एवढी वाट. २ फेब्रुवारी १६६१ रोजी मराठ्यांनी पुढचं तोंड बंद केलं आणि मागचंही. महाराजांबरोबर नेताजी पालकर होते, जे आमच्याच खालापूर तालुक्यातल्या चौकचे मानले जातात. (आम्ही हे प्रत्येक पाहुण्याला सांगतो.) झाडीतून मारा सुरू झाला. खानाच्या लोकांना शत्रू दिसेना, पाणी मिळेना आणि पळायला काठच नव्हता.

पुस्तिकेप्रमाणे इथे सगळी फौज उचलायची. पण शिवभारतात कवींद्र परमानंदांनी जे सांगितलंय ते वेगळंच आहे. या रानात शिरलात हेच चुकलं, असं रायबागनने खानाला खडसावलं आणि शरण जायला सांगितलं. खानाने ऐकलं, वकील पाठवला. महाराजांनी अभय दिलं : द्रव्य द्या, आणि जा. वाट उघडली.

बँकेच्या भाषेत ही एकरकमी तडजोड. बुडीत खात्यावर कोर्टात वीस वर्षं घालवण्यापेक्षा मिळेल ते आज घ्या आणि फाइल बंद करा. कोंडलेला माणूस जीव जाणारच म्हटल्यावर लढतो, आणि त्यात आपलीही माणसं मरतात. घेरलेल्या शत्रूला एक वाट मोकळी ठेवावी, असं चिनी सुन् त्झूनेही फार पूर्वी सांगून ठेवलंय. महाराजांपाशी माणसं मोजकी होती. ती इथे खर्चून पुढे काय करणार?

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतावर आपली फौज मोडली. तिथे पळणाऱ्यांबरोबर यात्रेकरू होते, बायका-मुलं होती, आणि घर शेकडो कोसांवर. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले, आणि पाठलाग करणाऱ्यांनी अंधार पडेपर्यंत माणसं कापली. तिथे कोणी तडजोड मांडली नाही. तो भाग भाच्याला सांगताना मी जरा आवरतं घेतलं. त्याने मात्र फूटपट्टी खाली ठेवून विचारलं, "मामा, आमच्या डब्यात रायबागन का नाही?"

सेनापती आहे, घोडेस्वार आहेत, झेंडेवाला आहे, नगारावालासुद्धा आहे. सेनापतीला 'आता पुरे' म्हणणारं कोणी नाही. शेवटी त्यांनी बुद्धिबळातला एक वजीर आणून खानाशेजारी उभा केला आणि नवा नियम लिहिला : वाट बंद झाली तर वजिराने एकदा विचारायचं. खंडणी किती, यावरून पुन्हा जुंपली. तिकडे महाराज मात्र उंबरखिंडीत रेंगाळले नव्हते. मोगलांवर नजर ठेवायला नेताजींना मागे ठेवून ते दाभोळकडे निघून गेले होते.