मांडवीतले उंदीर आणि डॉ. व्हिएगास

१८९६ चा सप्टेंबर. मुंबईच्या मांडवी भागात धान्याच्या गोदामांतून उंदीर मरून पडत होते. मागोमाग माणसं तापानं जाऊ लागली, जांघेत नाहीतर काखेत गाठ घेऊन. गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगास तिथं रोगी तपासत. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हा ब्युबॉनिक प्लेग आहे.

निदान अचूक होतं. पण हा रोग पसरतो कसा, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. मग सरकार माणसांच्याच मागे लागलं. १८९७ चा साथरोग कायदा आला. घरांच्या झडत्या, रोग्यांची सक्तीनं उचलाउचल. त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली.

आणि खरा वाहक कोण? उंदराच्या अंगावरची पिसू! उंदीर मेला की भुकेली पिसू माणसाकडे वळते. हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगानं दाखवलं, तरी ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली.

म्हणजे बघा, रोगाचं नाव कळलं होतं, वाहक कळला नव्हता. मधल्या काळात झडती मात्र माणसांची झाली. तोच कायदा आपण २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत पुन्हा वापरला, हेही लक्षात असू द्या.