ब्रह्मदेशाचें दार

तुमसररोड हें स्टेशन नागपूर-हावडा लोहमार्गावर आहे. तेथें पूर्वेकडील गाडींत बसलेला प्रवासी हावड्यास उतरतो. १९३७ पूर्वीं ज्यास ब्रह्मदेशास जावयाचें असे, त्यानें कलकत्त्याच्या बंदरांत आगबोटीचें तिकीट काढावें आणि सुमारें तीन दिवसांनीं रंगूनच्या धक्क्यावर पाय ठेवावा, एवढेंच करावयाचें असे. पासपोर्ट वा व्हिसा कोणी मागत नसे. आज तुमसरच्या मनुष्यास त्याच देशाचें दर्शन घ्यावयाचें झाल्यास प्रथम नागपूरच्या पासपोर्ट कचेरीशीं गांठ पडते आणि मग व्हिसाची परवानगी मिळवावी लागते. हें पाहून ‘पूर्वीं बरें होतें’ असा उद्गार पुष्कळांच्या तोंडून सहज निघतो. तो कितपत खरा आहे, हें इतिहासाला विचारून पाहावें, असें आम्हांस वाटतें.

दार उघडें होतें हें खरें. परंतु तें घरच्या मालकानें उघडलेलें नव्हतें. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं मंडाले घेतलें आणि १ जानेवारी १८८६ रोजीं तें राज्य खालसा केलें. सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानचा एक प्रांत ठरला, आणि एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत जाण्यास पासपोर्ट कशाला? थिबा राजाला त्याच वर्षीं रत्नागिरीस आणून ठेवलें. तेथेंच १९१६ सालीं त्याचा अंत झाला. इकडे रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्यें सहा वर्षांची शिक्षा होऊन थिबाच्याच राजधानींत, मंडालेच्या तुरुंगांत, नेण्यांत आलें. ‘गीतारहस्य’ तेथेंच लिहिलें गेलें. मंडालेचा राजा रत्नागिरींत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेंत! दोघांनाही प्रवेशाचा परवाना लागला नाहीं, आणि स्वेच्छेनें परत फिरणेंही दोघांना शक्य नव्हतें. मुक्त प्रवेश आणि मुक्तता या दोन भिन्न वस्तु आहेत, हें यापरतें स्पष्टपणें कोणी सांगावें?

या उघड्या दारानें आपले लोक मोठ्या संख्येनें आंत गेले. १९३१ च्या खानेसुमारींत ब्रह्मदेशांत दहा लक्षांहून अधिक हिंदी लोक मोजले गेले. रंगून शहरांत तर निम्म्याहून अधिक वस्ती त्यांचीच होती. कोणी धक्क्यावर हमाली करी, कोणी कचेरींत कारकुनी, तर कोणी सावकारी. मंदीच्या काळांत कर्जापोटीं जमिनी गेल्या, आणि १९३७ च्या सुमारास खालच्या ब्रह्मदेशांतील प्रमुख भातजिल्ह्यांतली जवळजवळ चौथाई जमीन चेट्टी सावकारांकडे आली होती. आपल्या भाताच्या बांधावर परका धनी उभा राहिलेला पाहून शेतकऱ्याच्या मनांत काय येईल, हें धानाच्या जिल्ह्यांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. १९३० व १९३८ सालीं रंगूनला दंगे झाले. त्या रक्तपाताचें समर्थन कोणी करूं नये. पण त्यामागील दुःख खोटें होतें असेंही म्हणतां येत नाहीं.

१ एप्रिल १९३७ रोजीं ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. तथापि दार तत्काळ बंद झालें नाहीं. कांहीं काळ पूर्वींचीच व्यवस्था चालू ठेवण्यांत आली. पुढें बॅक्स्टर यांच्या चौकशीनंतर १९४१ मध्यें दोन्ही सरकारांत करार झाला. त्यांत पासपोर्ट, व्हिसा आणि मुदतीचे परवाने प्रथमच सांगितले गेले. हिंदुस्थानांत त्यावर मोठा गहजब झाला. महात्मा गांधींनींही प्रतिकूल टीका केली. परंतु हा करार नीट अंमलांत येण्यापूर्वींच जपानी विमानें रंगूनवर आलीं. मार्च १९४२ मध्यें तें शहर पडलें, आणि लक्षावधि हिंदी लोक अरण्यांतून व डोंगरांतून पायीं मणिपूर-आसामकडे निघाले. वाटेंत किती मेले, याची नोंद कोणत्या कचेरींत राहणार? ब्रह्मदेशाचा तांदूळ येणें बंद झालें, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या अनेक कारणांत त्या कारणाचीही भर पडली.

१९४७ च्या कायद्यानें व्हिसासहित पासपोर्ट अथवा परवाना असल्यावांचून ब्रह्मदेशांत प्रवेश नाहीं असें ठरलें. ४ जानेवारी १९४८ रोजीं तो देश स्वतंत्र झाला. आतां दाराशीं खरा यजमान उभा होता. डॉ. आंबेडकर १९५४ सालीं आमच्याच भंडारा मतदारसंघांतील पोटनिवडणूक हरले. त्याच वर्षीं ते दोनदां ब्रह्मदेशास गेले आणि डिसेंबरांत रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले. टिळक तेथें कैदी म्हणून गेले होते. आंबेडकर स्वतंत्र देशाचे नागरिक म्हणून दुसऱ्या स्वतंत्र देशांत पाहुणे झाले. केवळ ४६ वर्षांत झालेलें हें स्थित्यंतर लहान नव्हे.

परंतु यजमानही कठोर होऊं शकतो. १९६२ च्या लष्करी क्रांतीनंतर पर्यटकाचा व्हिसा २४ तासांवर आला, पुढें सात दिवसांचा झाला. दुकानें व धंदे सरकारजमा झाले, आणि लाखों हिंदी लोकांना जवळजवळ रिकाम्या हातानें परतावें लागलें. मंडालेंत जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ सालीं भारतांत आले आणि येथें विपश्यनेचीं शिबिरें घेऊं लागले. पुढें इगतपुरीस त्यांचें केंद्र उभें राहिलें. ज्या विद्येच्या शिबिराला दहा दिवस लागतात, ती सात दिवसांच्या व्हिसावर तेथें जाऊन कशी शिकावी? दार मिटलें म्हणून विद्याच बाहेर आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

२०१४ पासून घरबसल्या विजेच्या यंत्रावर अर्ज करून २८ दिवसांचा पर्यटक-व्हिसा मिळण्याची सोय त्या देशानें केली, आणि २०१८ मध्यें मोरे-तामू येथील जमिनीवरचें दारही व्हिसा असलेल्या प्रवाशांस खुलें झालें. पण १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी सत्तांतरानंतर यादवी माजली, आणि तिच्या छायेंत एक नवें संकट उभें राहिलें. मोठ्या पगाराच्या आमिषानें तरुणांना पर्यटक म्हणून थायलंडला न्यावयाचें, तेथून नदीपार बेकायदा म्यावाडीकडे उतरवावयाचें, आणि फसवणुकीच्या कारखान्यांत डांबावयाचें, असा हा धंदा आहे. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें पांचशेंहून अधिक नागरिकांना विमानांनीं परत आणलें. पासपोर्टवर त्या देशाचा शिक्का नसलेला मनुष्य तेथें कोणाचाच पाहुणा नसतो. त्याच्यासाठीं कोणी यजमान उत्तर देत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच. घरांतील एखादा मुलगा पूर्वेस जावयास निघाला, तर त्याच्या पेटींत काय भरलें हें पाहण्यापूर्वीं त्याच्या पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने उरली आहे कीं नाहीं, व्हिसा पर्यटनाचा आहे कीं नोकरीचा, आणि प्रत्यक्ष कोणत्या दारानें त्याला नेणार आहेत, हें वडील माणसांनीं विचारावें. हा कागद म्हणजे केवळ सरकारी कटकट नव्हे. एके काळीं तो नव्हता, तेव्हां एका राजाला रत्नागिरींत देह ठेवावा लागला. दारावर थाप मारून ‘येऊं का?’ असें विचारणें ही आपल्याकडे जुनी रीत आहे; व्हिसा ही तीच रीत, फक्त कागदावर उतरलेली. तुमसररोडची गाडी आजही पूर्वेकडे जाते. पुढचें दार कोणाचें आहे, याची आठवण ठेवून तींत बसावें, म्हणजे झालें.