माकडताप आणि महालांच्या सीमा

डिचोली महाल पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेला तो १७८१ साली. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांनी १७८८ च्या तहान्वये सोडून दिला. आम्हां वकिलांना अशा तहांचे अंमळ अधिकच अप्रूप. परंतु या सीमेवरील रानांत नांदणाऱ्या गोचिडीला हद्दीचे दस्तऐवज ठाऊक नाहीत.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने अंथरुणास खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या तापाचा नवा विषाणू शोधून काढला. योगायोग असा, की त्याच वर्षी लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन या दोघांनी इंटरफेरॉनचा शोध जाहीर केला. विषाणूने ग्रासलेली पेशी हे द्रव्य बाहेर सोडते आणि त्या इशाऱ्याने शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखण्यास सिद्ध होतात. पुढे रक्ताच्या एका कर्करोगावरही याच द्रव्याचा औषध म्हणून उपयोग झाला. क्यासनूरचा विषाणू मात्र मोठा धूर्त! त्याचे एक प्रथिन इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या आतच दडपून टाकते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. दवंडी पिटली जाते, पण ऐकणाऱ्याचे कान बंद.

कित्येक वर्षे हा ताप कर्नाटकातच राहिला. २०१५ साली तो सत्तरीत प्रकटला आणि २०१६ साली दोडामार्गात. डिचोली महाल या दोहोंना लागून आहे, पेडणे दोडामार्गाला. दोन्हीकडे रोगी बहुतांशी काजूच्या बागांत राबणारे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड आज आमच्या डोंगरांचे धन आहे; आणि काजूचा हंगाम व गोचिडीच्या पिलांचा सुकाळ नेमके एकाच वेळी, कोरड्या महिन्यांत, येतात. पाचोळा तुडवीत बोंडू वेचणाऱ्या बाईला ते पिलू दिसतही नाही.

शरीराची उपजत तटबंदी अशी अपुरी पडते तेथे लस हवी. १९९० पासून कर्नाटकात वापरात असलेली लस पुढे क्षीण ठरली व २०२२ साली बंद झाली. नव्या लसीचे काम सुरू आहे. आमच्या मते तीन राज्यांनी तीन निरनिराळ्या दप्तरांत या तापाची नोंद ठेवण्यापेक्षा मेलेल्या माकडाची वार्ता पलीकडच्या गावास त्याच दिवशी कळविण्याचे बंधन परस्परांवर घालून घ्यावे. असा करार लिहिणे मुळीच अवघड नाही. तोवर बागाईतदारांनी मजुरांना कीटकरोधक तेल आणि अंगभर कपडे स्वखर्चाने पुरवावेत, व घरी परतताच ऊन पाण्याने स्नान करण्यास सांगावे.