मुठीचं गाडगं

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीत शिरलं की माणसं आधी मान वर करतात. छताला उलटं लोंबणारं दगडी कमळ आहे, त्याच्या पाकळ्या ७२. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन चोविशींचे ७२ तीर्थंकर. समोर काळ्या पाषाणातले नेमिनाथ. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली ही बस्ती बांधून घेतली, एवढं ऐकून झालं की मंडळी चपला शोधायला बाहेर पडतात.

मला त्या कमळाइतकाच तेव्हाचा हिशेब आवडतो. बिचिराजाने उभारलेल्या रट्ट जिनालयाला मिळालेल्या दानांचे दोन शिलालेख बेळगावचेच, पण ते आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. (आपला हिशेब बघायला आपण लंडनला जायचं!) भाषा जुनी कन्नड. राजाची, त्याच्या घराण्याची स्तुती लांबलचक आहे, ती वाचताना डोळे मिटायला लागतात. राजाने दिलेली जमीनही त्यात आहे. पण पुढे गावोगावचे, परमुलखातले व्यापारी येतात, बाजारपेठेतली माणसं येतात. विकायला आलेल्या मालातून त्यांनी बस्तीसाठी वाटा ठरवून दिला. धान्यातलं थोडं धान्य, तेलातलं थोडं तेल, विड्याच्या पानांच्या ओझ्यातली काही पानं.

पानवाल्याला चार पानं कमी झाली म्हणून काय फरक पडणार? आणि त्या चार पानांनी बस्तीला तरी काय होणार? पण रोज, प्रत्येक ओझ्यामागे, म्हटल्यावर त्यातून पूजा चालते, मुनींच्या आहाराची सोय होते. हा झाला घेणाऱ्याचा फायदा. मला देणाऱ्याचा शोधायचा होता. राजाची जमीन ज्या दगडावर कोरली, त्याच दगडावर पानवाल्याची पानं कोरली गेली. एरवी पानवाल्याला इतिहासात जागा कुठली?

हे मला सुचलं ते आजीमुळे. माझं माहेर चिकोडी तालुक्यातलं. आजी रोज भाकरीला पीठ घेण्याआधी जोंधळ्याची एक मूठ काढून चुलीमागच्या गाडग्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. महिन्याच्या शेवटी बोर्डिंगसाठी धान्य गोळा करणारे एक अण्णा पोतं घेऊन यायचे. गाडगं पालथं केलं की जेमतेम तीन शेर भरायचं. मी लहानपणी म्हणायचे, "आजी, एकदाच पायली देऊन टाक की, रोजचा ताप कशाला?" आजी म्हणायची, "पायली तुझा आजा देईल. मूठ माझी हाय."

त्या वेळी वाटलं, म्हातारीचा हट्ट. नंतर कळलं. आजीच्या नावावर शेत नव्हतं, किल्ल्या सासूच्या आणि पुढे थोरल्या जावेच्या कमरेला. साठ वर्षांच्या संसारात कुणाला काय द्यायचं हे तिने एकटीने ठरवलं, ते फक्त त्या मुठीपुरतं.

चातुर्मासात आमच्या बस्तीत तत्त्वार्थसूत्राचं वाचन चालायचं. त्यातली दानाची व्याख्या आपल्याला पाठ असते: अनुग्रहासाठी आपल्या वस्तूचा त्याग. पण पूज्यपाद आचार्यांनी आपल्या सर्वार्थसिद्धी टीकेत 'अनुग्रह' या शब्दात दोघांचाही उपकार सांगितला आहे, स्वतःचाही आणि दुसऱ्याचाही. स्वतःचा म्हणजे पुण्यसंचय. देताना आपलं भलं मनात आलं तर आपण उगाच ओशाळतो, आचार्यांनी मात्र ते व्याख्येतच बसवून टाकलं. पुण्याचा हिशेब मला करता येत नाही. आजीच्या पाठीचा ताठपणा मात्र मी बघितलाय.

कुंभोजच्या लक्ष्मीबाई पाटलांची गोष्ट आपल्या समाजात भाषणाभाषणातून सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये बिऱ्हाड साताऱ्याला आलं, बोर्डिंगात मुलं वाढली आणि धान्य संपलं. लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. भाषण मंगळसूत्रापाशी थांबतं, टाळ्या पडतात. मला त्याच्या अलीकडची रोजची भाकरी जास्त मोठी वाटते. जुन्या वळणाच्या जैन घरातली ही लेक. तिच्या दारात सगळ्या जातींची पोरं राहायला आली, अस्पृश्य म्हणून लांब ठेवलेलीही. त्यांना तिने आईसारखं वाढलं. मंगळसूत्र एकदाच देता येतं, सोवळं मात्र रोज थोडं थोडं सोडावं लागलं असणार. १९३० मध्ये त्या गेल्या. हे सगळं इतक्या थोड्या वर्षांतलं.

इथे माझी अडचण होते. आजीची मूठ जायची ती आपल्याच बोर्डिंगला, आपल्याच पोरांना. रट्ट जिनालयाचं तेलही आपल्याच दिव्याला. लक्ष्मीबाईंचं वाचल्यावर कॉलेजातल्या तोऱ्यात मी आजीला विचारलं, "तुझी मूठ आपल्यातल्यांनाच का गं?" आजीला राग आला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि उत्तर काही दिलं नाही.

आईने मग मला १९७२ च्या दुष्काळातलं सांगितलं. गावातली मजुरांची बायकापोरं मागच्या दाराशी येऊन नुसती उभी राहायची, मागायचीही नाहीत. घरात धान्य मोजून निघत होतं, चुलत्यांनी कणगीला कुलूप घातलेलं. पण गाडग्याला कुलूप नव्हतं. त्या महिन्यात बोर्डिंगचे अण्णा आले आणि पोतं पसरून बसले. आजीने गाडगं आणून त्यांच्यापुढे पालथं केलं. चार दाणे पडले.

"आक्का, ह्या महिन्याला मूठ काढली न्हाई?"

"काढली की. मागल्या दारानं गेली."

अण्णांनी ते चार दाणे वेचले, पोत्यात टाकले आणि वहीत आजीच्या नावापुढे नेहमीसारखी खूण केली.