ओढ्याकाठी अडलेला घोडा

झांशीच्या ईशान्येस, बेटवा आणि पहूज या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात समथर नावाचे एक कसब्याचे गाव आहे. एके काळी ती एका गुजर राजघराण्याच्या छोट्या संस्थानाची राजधानी होती. 1817 साली या संस्थानाचा इंग्रजांशी तह झाला, 1948 साली ते विंध्य प्रदेशात सामील झाले, आणि आज समथर उत्तर प्रदेशाच्या झांशी जिल्ह्यात मोडते. मराठी माणसाच्या कानावर हे नाव सहसा पडत नाही. परंतु नकाशावर भांडेरहून काळपीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती समथरच्या अगदी जवळून जाते. आणि ही वाट मात्र आपल्याला परकी नाही. 4 एप्रिल 1858 च्या रात्री झांशीचा किल्ला सोडून निघालेल्या राणी लक्ष्मीबाई भांडेरमार्गे याच रोखाने काळपीस गेल्या.

त्या दौडीचे वर्णन आपण शौर्याच्या भाषेत करतो, आणि ते योग्यच आहे. पण क्षणभर घोड्याच्या बाजूने विचार करून पाहावा. मागे जळते शहर, तोफांचे आवाज, काळोख, अनोळखी वाट, मधे नद्यानाले, आणि भांडेरजवळ इंग्रज स्वारांशी प्रत्यक्ष चकमक. एका अहोरात्रात शंभर मैलांच्या आसपास मजल झाली. जनावर कितीही चपळ असो, ते वाटेत एकदा जरी बुजले असते, तर इतिहास भांडेरलाच संपला असता.

घोडा बुजतो तो भित्रेपणाने नव्हे. त्याची घडणच तशी आहे. गवताळ रानात हिंस्र पशूंपासून पळून जीव वाचविणाऱ्या प्राण्याचा तो वंशज. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. दिसत नाही ते नेमके कपाळासमोरचे, नाकाखालचे आणि शेपटीमागचे. म्हणून पायाशी अचानक आलेले चकाकते पाणी त्याला कोड्यात टाकते. त्याची खोली कळत नाही, तळ दिसत नाही, आणि पूर्वजांची शिकवण एकच असते, की संशय आला की पळ.

ही उपजत शिकवण पुसता येत नाही. तिच्यावर दुसरी शिकवण चढवावी लागते, आणि ते काम चाबुकस्वाराचे. हा शब्द फसवा आहे, कारण चांगल्या चाबुकस्वाराचा चाबूक बहुधा हातातच राहतो. शिंगरू अंगाला हात लावू देऊ लागले, की त्याला मोकळ्या मैदानात दोरीवर फेर धरायला लावायचे. मग एखाद्या वयस्क, शांत घोड्याच्या सोबतीने बाजारातून, ढोलताशांच्या जवळून, उंटांच्या तांड्याशेजारून हिंडवायचे. बंदुकीचा आवाज आधी दुरून ऐकवायचा, तोही तोंडाला तोबरा बांधलेला असताना, आणि मग दिवसेंदिवस जवळून. पाण्यात प्रथम जाणता घोडा उतरतो, शिंगरू मागून. बुजले तर त्या वस्तूपाशी थांबू द्यायचे, हुंगू द्यायचे. त्या क्षणी मारले तर मार आणि ती वस्तू यांची त्याच्या मनात कायमची गाठ पडते, आणि दुसऱ्या खेपेस ते दुप्पट बुजते.

ग्रीक सेनानी झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नेमके हेच सांगून ठेवले आहे: मोतद्दाराने शिंगराला गर्दीतून न्यावे, आणि ते भ्याले तर कठोरपणे नव्हे, सौम्यपणे समजू द्यावे, की येथे भिण्यासारखे काही नाही. आपल्याकडे कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात स्वारीच्या घोड्याच्या चाली सांगताना ‘लंघन’, म्हणजे उडी, हा स्वतंत्र प्रकार गणला आहे. अर्थात उडीदेखील शिकवायची गोष्ट होती, गृहीत धरायची नव्हे.

हे सारे लक्ष्मीबाई जाणत होत्या. झांशीच्या वेढ्यात तेथेच असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ 1907 साली प्रसिद्ध झाले. बाईसाहेबांची अश्वपरीक्षेतील ख्याती त्यात नोंदलेली आहे. विकावयास आलेल्या दोन सारख्याच दिसणाऱ्या घोड्यांपैकी एकाची किंमत त्यांनी हजार रुपये केली आणि दुसऱ्याची अवघी पन्नास. दुसऱ्याची छाती दुखावलेली आहे, हे त्यांनी स्वारी करताच ओळखले होते.

आणि तरीही शेवट घोड्यापाशीच झाला. 1 जून 1858 रोजी ग्वाल्हेर हाती आले. कोटा की सरायजवळची लढाई झाली ती 17 जूनला. काहींच्या मते राणीसाहेबांचे निधन 18 ला झाले. मराठी चरित्रपरंपरा सांगते, की त्या दिवशी त्यांच्याखाली नेहमीचा घोडा नव्हता, शिंद्यांच्या पागेतला नवा घोडा होता, आणि ओढ्याच्या काठाशी येताच तो अडला. टाच मारली तरी उडी घेईना. इंग्रज इतिहासकार मॅलेसन म्हणतो, की घोडा ठेचकाळून पडला. मला मराठी परंपरेचे म्हणणे अधिक पटते, कारण नवख्या घोड्याची खोड त्यात अचूक उतरली आहे.

मराठी फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेचा घोडा मिळणारा तो बारगीर. शिलेदाराला घोडा मेला तर घरदार बुडाल्यासारखे होई, म्हणून तो त्याला मुलासारखा वाढवी. त्याचा आवाज, त्याच्या मांडीची पकड घोड्याच्या अंगवळणी पडलेली असे. परंपरा खरी मानली, तर जन्मभर शिलेदारी केलेल्या राणीवर शेवटच्या लढाईत बारगिराची पाळी आली. तो घोडा ग्वाल्हेर पडल्यादिवशीच मिळाला असे धरले, तरी ओळखीला सोळासतरा दिवस. तेही दिवस रावसाहेब पेशव्यांच्या दरबारात समारंभात आणि भोजनांत गेले, बाईसाहेब लढाईच्या तयारीचा आग्रह धरीत असतानाही. त्या घोड्याला कुणी ओढ्यापर्यंत नेऊन पाणी दाखविले होते काय, याची नोंद कोणत्याही बखरीत असणार नाही. मोतद्दारांची कामे कोणी लिहून ठेवीत नसे. काठावर तो अडला तेव्हा राणीसाहेबांच्या मागे हुजार पलटणीचे स्वार होते, आणि त्यांचे घोडे तोफबंदुकांच्या आवाजाला सरावलेले होते.