बोन्सायमध्ये आधी काय बघायचं? आणि वडाला पाईनची कुंडी का शोभत नाही?

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही नर्सरीत जा, एक झाड हमखास दिसतं. इंग्रजी एस अक्षरासारखं वळलेलं खोड, त्यावर गोंड्यांसारखी कापलेली पानं, खाली निळीशार चकचकीत कुंडी आणि मातीवर पांढरे खडे. शेजारी पाटी, ‘बोन्साय’. गृहप्रवेशाला, रिटायरमेंटला भेट म्हणून ते उचललंही जातं.

हेच झाड स्पर्धेत ठेवलं तर मात्र परीक्षक त्याच्यापुढे फार वेळ थांबणार नाहीत. आणि आपल्याकडे स्पर्धा होतात बरं का. ठाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या ‘वृक्षवल्ली’ प्रदर्शनात, मुंबईत राणीच्या बागेतल्या आणि पुण्यात एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनात वामनवृक्ष मांडलेले असतात. वामनवृक्ष हा बोन्सायसाठीचा आपला मराठी शब्द. २०१८ मध्ये तर पुण्यात प्राजक्ता काळे यांनी एकाच ठिकाणी ३,३३३ बोन्साय मांडून गिनीज रेकॉर्ड केला होता.

मग त्या नर्सरीतल्या झाडात खटकतं काय?

जाणकार माणूस बोन्साय खालून वर बघतो. पहिली नजर मुळांवर. खोडाच्या बुडाशी मुळं चारी बाजूंनी पसरून मातीला पकडून बसलेली दिसायला हवीत. जपानीत त्याला ‘नेबारी’ म्हणतात. जुनं झाड आठवा, आंब्याचं किंवा चिंचेचं, त्याच्या बुडाशी जे दिसतं तेच. नर्सरीतल्या झाडात इथेच पांढरे खडे टाकलेले असतात. कधीकधी तर ते चिकटवलेले असतात, म्हणजे मुळं दिसत नाहीत ते नाहीच, वरून घातलेलं पाणीही धड आत जात नाही. असं झाड घरी आणलं तर पहिलं काम ते खडे काढून फेकायचं.

मग खोड. ते बुडाशी जाड आणि वर निमुळतं होत जायला हवं, वयाचा भास त्यातूनच होतो. एस आकाराचा फायकस, म्हणजे आपला नांदरुक, बहुतेक वेळा खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा असतो आणि त्याची वळणंही एकाच मापाची असतात. खऱ्या झाडाची वळणं वर जाताना लहान होत जातात. शिवाय फांदी वळणाच्या बाहेरच्या अंगाने निघालेली बरी दिसते, आतल्या खोबणीतून निघालेली फांदी खटकते. पहिली मोठी फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर असावी आणि शेंडा बघणाऱ्याकडे किंचित झुकलेला असावा, हे आणखी दोन संकेत.

कुंडीकडे नजर जाते सगळ्यात शेवटी. पण गंमत अशी की या कलेच्या नावातच कुंडी आहे. ‘बोन’ म्हणजे तबक आणि ‘साई’ म्हणजे लागवड. ही कला चीनमधून जपानमध्ये गेली आणि तिथे तिचे नियम घट्ट होत गेले. टोकियोत १९३४ पासून ‘कोकुफू-तेन’ नावाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे झाडाइतकीच चर्चा त्याच्या कुंडीची होते.

ढोबळ हिशोब सोपा आहे. ट्रेची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, खोली खोडाच्या बुडाच्या जाडीइतकी. झाड ४५ सेंटिमीटर उंच आणि खोड ५ सेंटिमीटर जाड असेल, तर ट्रे ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर खोल. पाईनसारख्या झाडांना चकाकी नसलेली, मातकट, कोनदार कुंडी. फुला-फळांच्या झाडांना चकाकीची चालते, म्हणून गुलाबी बोगनवेल निळ्या कुंडीत खुलून दिसते आणि नांदरुक त्याच कुंडीत हरवतो. आधी कुंडीच डोळ्यांत भरली तर निवड चुकली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खरी अडचण पुढे आहे. हे सगळे नियम बसवले गेले ते जपानच्या हवेत, तिथल्या पाईन, जुनिपर आणि मेपलवर. ठाण्या-डोंबिवलीतले हौशी लोक वाढवतात वड, पिंपळ, उंबर, नांदरुक. यातली कितीतरी रोपं जुन्या इमारतींच्या भिंतीत, पावसाच्या पाण्याच्या पायपांमागे उगवलेली असतात. पावसाळ्यात ती अलगद काढून कुंडीत लावणं हा या हौसेचा स्वस्त आणि चांगला रस्ता आहे, इमारतीचंही भलं होतं. (येऊरच्या जंगलातून रोप उपटून आणणं मात्र गुन्हा आहे, तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो.)

आता वड घ्या. कोलकात्याजवळ शिबपूरच्या बोटॅनिक गार्डनमधला प्रसिद्ध वटवृक्ष सुमारे २५ मीटर उंच आहे आणि त्याच्या पसाऱ्याचा घेर साडेचारशे मीटरपेक्षा जास्त. म्हणजे उंचीच्या सहापट रुंद. त्याचं मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये काढावं लागलं, झाड पारंब्यांवर उभं आहे. आपल्याकडे संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वटवृक्षही असाच आडवा पसरलेला. अशा झाडाला त्रिकोणी आकार, एकच खोड आणि टोकदार शेंडा द्यायचा म्हणजे वडाला ख्रिसमस ट्री करणं.

म्हणून वडाच्या बोन्सायचं परीक्षण वेगळं करावं लागतं. माथा घुमटासारखा आहे का, फांद्या आडव्या पसरल्यात का, पारंब्या मातीपर्यंत पोचून जाड झाल्यात का, हे बघायचं. पारंब्या कोकणाच्या दमट हवेत आपोआप फुटतात. काही जण त्या उभ्या चिरलेल्या स्ट्रॉमधून खाली मातीपर्यंत आणतात. भारतातले बोन्सायवाले याला वटवृक्ष शैली म्हणतात. पिंपळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचं पान सहजासहजी लहान होत नाही, त्यामुळे वीतभर उंचीचा पिंपळ कितीही वळवला तरी रोपच वाटतो. त्याला थोडा मोठा आकार द्यावाच लागतो.

कुंडीचा हिशोबही इथे फिरतो. झाड उंचीपेक्षा रुंद असेल तर दोन तृतीयांश रुंदीचं धरायचं. ३० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर पसरलेल्या वडाला ४० सेंटिमीटरचा लांबट गोल, उथळ ट्रे शोभतो.

शोभतो, पण जगवतो का? एप्रिल-मेमध्ये कल्याणचा पारा ४० च्या आसपास जातो. पश्चिमेच्या बाल्कनीत ५ सेंटिमीटर खोल ट्रेमधली माती दुपारपर्यंत सुकून तापते आणि सकाळी पाणी घालून ऑफिसला गेलेला माणूस रात्रीच्या लोकलने परत येतो. मग तीन महिन्यांनी उलटा त्रास, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. नुसत्या बागेतल्या मातीत लावलेल्या झाडाची मुळं तेव्हा कुजतात. म्हणून विटांचे बारीक तुकडे आणि जाड वाळू जास्त, खत कमी, आणि तळाला मोठी भोकं. कुंडीखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यात साचलेलं पाणी रोज ओतून टाकायचं, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात.

दिसायला सुंदर पण तोंडाशी आत वळलेली कुंडीही वड-पिंपळाला टाळावी. त्यांची मुळं जोरकस असतात, कुंडी भरून टाकतात, मग झाड बाहेर काढायला एकतर कुंडी फोडा नाहीतर मुळं कापा.

यावरची जपानी युक्ती इथे मात्र जशीच्या तशी चालते. तिथे झाड वर्षानुवर्षं साध्या, खोल कुंडीत वाढवतात आणि प्रदर्शनापुरतं देखण्या कुंडीत हलवतात. डोंबिवलीच्या बाल्कनीतल्या वडालाही दोन-तीन सेंटिमीटर जास्त खोल, चकाकी नसलेली कुंडी द्यायला काहीच हरकत नाही. फोटोत ती थोडी जड दिसेल, एवढंच.

आणि फोटोवरून कुणी खोडाला तार लावायचा सल्ला दिला, तर महिना कोणता आहे ते आधी बघा. पावसाळ्यात नांदरुक झपाट्याने जाड होतो आणि तार काही आठवड्यांतच सालीत रुतते. तो वळ पुढे कित्येक वर्षं जात नाही. तार दर आठवड्याला तपासायची आणि काढताना उलगडत न बसता कटरने तुकडे करून काढायची.